पडदा नंबर तीन

प्रणिता, तू विचारलंस म्हणून सांगायलेय.
लग्न होऊन लातुरात आलीस, महिना झाला,
दोघांनी मिळून जायचं तर जायचं कुठं?
मॉल नका सांगू काकू, म्हणालीस. बरं.

गोलाईला सोळा रस्ते फुटतात म्हणे.
आम्ही एकतीस वर्षांत अकराच धरले.
उरलेले पाच भांडणासाठी ठेवलेत.
फारच बिनसलं की हे म्हणतात, चल, नवा रस्ता काढू,
आणि मग दोरखंड, सुपं, बत्तासे, पेंडीची पोती
बघता बघता
कशावरनं बिनसलं होतं ते ह्यांना आठवत नाही.
मला आठवतं. मी बोलत नाही.

सकाळी स्टँडमागं एक गाडा लागतो.
नवी होते, माहेर नाशकाकडचं,
हे शेजाऱ्याला सांगताना कानावर आलं,
"सुशीला झाल्याशिवाय आपला दिवस उगवत नाही."
दोन दिवस जेवले नाही.
तिसऱ्या दिवशी ह्यांनी सवत आणून दिली,
पेपरात बांधून, गरम,
चुरमुरे, कांदा, वरून लिंबू.
तिखट कमी घाला म्हणावं लागतं. तेवढं लक्षात ठेव.

बाग म्हणशील तर कॉलनीमागं आहे एक.
कारंजं आहे, पाणी नाही.
बाकं तीन. त्यातलं देणगीदाराचं नाव तेवढं धड.
आमची खरी बाग म्हणजे टँकरची रांग,
त्या उन्हाळ्यातली.
रात्रीचे दोन, नंबर एकशे अठरा,
हे पालथ्या घागरीवर, मी कॅनवर,
हे शेंगा सोलायचे आणि दाणे माझ्या ओंजळीत.
इतका वेळ शेजारी शेजारी
आम्ही पहिल्या वर्षीसुद्धा बसलो नव्हतो.
टँकरचा हॉर्न वाजला
तेव्हा, खोटं कशाला बोलू, मला रागच आला.

आता हे कुणाला सांगू नकोस. सासूला तर नकोच.
औसा रोडला हॉटेल गारवा. खाली परमिट रूम,
वर फॅमिलीची वेगळी सोय,
सहा टेबलं, सहा हिरवे पडदे.
राजेश्वरीची पाठवणी केली त्या रात्री
गाडी घराकडं वळेना.
कुलूप उघडायचं कुणी, ह्यावर दोघं गप्प.
मग हे म्हणाले, थोडं बसू कुठंतरी.
ह्यांची बियर, माझं लिंबूपाणी.
एक घोट घेतला मी, पाडव्याच्या कडुलिंबासारखा,
तोंड वाकडं केलं,
आणि दुसरा घेतला.
दस्तगीर वेटर. त्यानं काहीच बघितलं नाही,
फक्त न मागता एक स्टीलचा गिलास आणून ठेवला.

तेव्हापासून वर्षातून तीन-चारदा.
तिथं मी ह्यांना नावानं हाक मारते.
विश्वंभर, पापड घे की.
बाहेर आलं की परत अहो.
एकदा जिन्यात मुख्याध्यापक भालेराव सर आणि बाई,
पडदा नंबर पाचमधनं निघालेले,
बाईंचा पदर डोक्यावर, सरांच्या मिशीला फेस.
आम्ही म्हणालो, उकडायलंय फार.
ते म्हणाले, फारच.
दुसऱ्या दिवशी बाईंनी वाटीभर धपाट्याचं पीठ पाठवलं,
कारण सांगितलं नाही.

तर जाऊन या दोघं. रविवार टाळा.
दस्तगीरला म्हणावं, दालमिलवाल्या मुनीमकाकांनी पाठवलंय.
तीन नंबर मोकळा असला तर बसा,
भिंतीकडची बाजू तू घे, पंखा लागतो.
टेबलाच्या एका पायाखाली
घडी घातलेला जाड कागद आहे, कडा सोनेरी.
राजीच्या लग्नाची पत्रिका, उरलेली,
ह्यांच्या खिशात होती त्या रात्री.
काढू नकोस.
टेबल डुलतं.